बहार विका, बाग विकू नका

पत्र : वरूड तालुक्यातल्या एका गावात आमचा चौघांचा थ्रॅश मेटल बँड आहे. सराव संत्र्याच्या गोदामात. पहिली ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) आम्हीच काढली. दुसरी पुण्याच्या एका छोट्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीनं, ३०० कॅसेट छापून काढली, कागद काही केला नाही. आता मुंबईच्या एका मोठ्या लेबलचा मेल आला आहे. एक अल्बम पक्का, पुढच्या चार अल्बमचा पर्याय त्यांच्याकडे, ४ लाख अ‍ॅडव्हान्स, आम्हाला १८ टक्के, आणि आमच्या शो व टी-शर्टमध्ये त्यांचा २० टक्के वाटा. सही पंधरा दिवसांत पाहिजे. बेस वाजवणारा पोरगा सतरा वर्षांचा आहे. दोस्त म्हणतात विकले गेलात, घरचे म्हणतात चार लाख सोडता का. ड्रमर म्हणतो क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिकणाऱ्या ठेक्यावर, वाजवणार नाही. काय करावं, काही समजून नाही राहिलं.

उत्तर :

भाऊ, आहे त्या कागदावर सही करू नका. नकारही देऊ नका. पंधरा दिवसांची घाई ही ट्रक दारात उभा करून भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याची घाई आहे. आजच उत्तर पाठवा : आम्हाला रस आहे, पूर्ण कराराचा मसुदा बदल करता येईल अशा फाइलमध्ये पाठवा, आमचे वकील पाहतील, तीस दिवस लागतील. मेलमध्ये ‘मुख्य अटी’ नावाचा दोन पानी कागद जोडला असेल तर त्यावरही सही नको. पुढचा मोठा करार झाला नाही तरी तो दोन पानी कागद बांधून ठेवू शकतो. मेल खरंच त्या कंपनीचा आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर दिलेल्या ऑफिसच्या नंबरवर फोन करून विचारा, मेलखाली छापलेल्या नंबरवर नाही. कोणी ‘नोंदणी फी’ मागितली तर विषय तिथंच संपला. खरं लेबल बँडकडून पैसे घेत नाही.

दोस्तांच्या बोलण्याचं आधी उरकून टाकू, कारण त्यात फार दम नाही. मेटालिका हा अमेरिकी थ्रॅश बँड १९८४ मध्ये इलेक्ट्रा या मोठ्या लेबलकडे गेला. तिथून १९८६ आणि १९८८ चे दोन अल्बम आले, आणि ते मवाळ झाले असं कोणी म्हणत नाही. ज्या अल्बमवरून विकले गेल्याची ओरड झाली तो १९९१ चा, म्हणजे सही होऊन सात वर्षांनी. स्लेयर, तसाच दुसरा बँड, मेटल ब्लेड हे छोटं लेबल सोडून डेफ जॅमकडे गेले, जे मूळचं हिप-हॉपचं लेबल. तिथून १९८६ मध्ये त्यांनी जेमतेम २९ मिनिटांचा आणि तोवरचा सर्वांत जहाल अल्बम काढला. बँडचा आवाज लेबल बदललं म्हणून बदलत नाही. बदलतो तो कागदामुळे : गाणी पसंत-नापसंत करण्याचा हक्क कोणाला, पैसा कधी थांबतो, आणि रेकॉर्डिंग कोणाच्या नावावर चढतं.

यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या भागात हे समजावून सांगायला लागू नये. व्यापारी संत्र्याचा आंबिया बहार बोलीनं घेतो, इसार देतो, फळ तोडून नेतो. मृग बहाराचा सौदा वेगळा. बाग तुमचीच राहते, सातबारा तुमच्याच नावावर. रेकॉर्डिंगची मूळ प्रत, जिला मास्टर म्हणतात, ती बाग आहे. तुम्हाला आलेल्या मसुद्यात बहुतेक असं लिहिलेलं असेल की मास्टरची मालकी ‘कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या आणि पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांसाठी’ लेबलकडे राहील. हे बहार विकणं नव्हे, खरेदीखत आहे. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. तुमचा बेसिस्ट सत्त्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत.

कॉपीराइट कायदा, १९५७ काय म्हणतो ते नीट पाहा. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली तो निर्माता. लेबलनं स्टुडिओ ठरवला आणि पैसे भरले की तो निर्माता आपोआप लेबलच ठरण्याकडे कल असतो. म्हणून करारात स्पष्ट वाक्य हवं : ‘निर्माता बँड आहे, लेबलला ठराविक मुदतीचा परवाना दिला आहे.’ मुदत सात वर्षं मागा, दहावर तुटलं तरी चालेल. मुदत प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजायची, सहीपासून नाही. आणि ‘खर्च वसूल झाला असो वा नसो’ मास्टर परत येईल, हे शब्द विसरू नका. ते नसले की वसुली बाकी असल्याचं सांगत परवाना लांबत जातो. मेटालिकाला आपली सगळी मास्टर परत मिळायला २०१२ साल उजाडलं, आणि त्यांच्याकडे मोठमोठे वकील होते.

कलम १९ तुमच्या बाजूचं आहे. हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन लेबलनं एक वर्षात वापरले नाहीत तर ते आपोआप संपतात. पण या शेवटच्या तरतुदीला करारात वेगळं लिहून बगल देता येते, आणि छापील करारांमध्ये ती बगल बहुधा दिलेलीच असते. मसुद्यात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य शोधा आणि खोडा. खोडू देत नसतील तर त्याच्या जागी लिहा : मास्टर हातात मिळाल्यापासून सहा महिन्यांत अल्बम प्रसिद्ध झाला नाही, तर साठ दिवसांची नोटीस देऊन सगळे हक्क बँडकडे परत. अल्बम तयार होऊन कपाटात पडून राहणं, हा मोठ्या लेबलकडे गेलेल्या छोट्या बँडचा नेहमीचा मृत्यू आहे.

आता चार लाख. ते चौघांत वाटून घ्यायचे पैसे नाहीत, हे घरी आजच सांगा. तो बहुधा रेकॉर्डिंगचा फंड आहे. आठ गाण्यांच्या थ्रॅश अल्बमला ड्रमचे तीन दिवस, डाव्या-उजव्या बाजूला दोनदा वाजवलेल्या ऱ्हिदम गिटारचे चार, बेसचा दीड, सोलो आणि गायनाचे चार, मग मिक्सचा आठवडाभर आणि मास्टरिंग. वर नागपूर गाठून मुंबई-पुण्याला राहणं-खाणं. हात कोरडेच राहतात.

आणि हा इसार तुमच्याच वाट्यातून फिटायचा आहे. समजा चार लाख रेकॉर्डिंगला गेले, दोन लाख व्हिडिओला, आणि दोन्ही तुमच्या नावे मांडले. एकूण सहा लाख. तुमचा वाटा १८ टक्के. सहा लाख १८ टक्क्यांतून फिटायला लेबलकडे ३३ लाख ३३ हजार यावे लागतात. एका ऐकण्यामागे लेबलला दहा पैसे येतात असं धरलं, तर तीन कोटी ३३ लाख वेळा गाणी वाजली पाहिजेत. तोवर लेबलनं आपले सहा लाख काढून वर सत्तावीस लाख कमावलेले असतात, आणि तुमच्या खात्यावर शून्य. यात बेकायदेशीर काही नाही. हिशोबच तसा मांडलेला असतो.

त्याऐवजी निव्वळ नफ्यात निम्मा वाटा मागा. आलेल्या पैशातून आधी सहा लाख काढायचे, उरतील ते अर्धे-अर्धे. दहा लाख आले तर तुमच्या हातात दोन लाख पडतात. १८ टक्क्यांच्या रीतीत त्याच दहा लाखांवर तुमच्या नावे फक्त एक लाख ऐंशी हजार जमा होतात आणि चार लाख वीस हजारांचं देणं उरतं. मेटलची छोटी लेबलं निम्म्या वाट्यावर काम करतात. मोठी सहज तयार होत नाहीत, पण मागितल्याशिवाय १८ चे २२ सुद्धा होत नाहीत. टक्केवारीपेक्षा ‘कशाचे टक्के’ याकडे जास्त बघा. लाखेच्या रेकॉर्ड वाटेत फुटायच्या त्या काळात लेबलं शंभरातल्या नव्वदच प्रतींवर रॉयल्टी द्यायची. रेकॉर्ड जाऊन कॅसेट आली, सीडी आली, तरी ती तूट-फूट वजावट करारांतून कित्येक दशकं हटली नाही. तुमच्या मसुद्यात ‘वेष्टन’, ‘फुकट प्रती’, ‘प्रचार राखीव’ अशा नावांची छाट दिसेल. मोबाईलवर वाजणाऱ्या गाण्याला वेष्टन कसलं? सगळी काढायला लावा. व्हिडिओचा खर्च फार तर निम्मा तुमच्या नावे, तोही तुमच्या लेखी होकाराशिवाय नाही. व्हिडिओविना अडत नाही हेही ध्यानात असू द्या. मेटालिकाचा १९८६ चा अल्बम एकाही व्हिडिओशिवाय त्याच वर्षी अमेरिकेत गोल्ड झाला, त्यांचा पहिला व्हिडिओ १९८९ चा.

एका बहाराची बाकी पुढच्या बहारात ओढायची, ही अडत्याची रीत लेबलांनाही ठाऊक आहे. पहिल्या अल्बमची वसुली दुसऱ्यातून, शोमधून, टी-शर्टमधून करण्याचं कलम असेल. प्रत्येक अल्बमचं खातं वेगळं, हे लिहून घ्या. हिशोब सहा महिन्यांनी, वर्षातून एकदा वही तपासायचा हक्क, आणि हिशोबावर हरकत घ्यायला किमान दोन वर्षं.

गीत आणि चाल हे रेकॉर्डिंगपासून वेगळे हक्क आहेत, आणि इथं २०१२ च्या दुरुस्तीनं तुम्हाला चांगलं संरक्षण दिलं आहे. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताचा आणि संगीताचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लेखक-संगीतकाराला सोडून देता येत नाही. सोडला असं करारात लिहिलं तरी ते वाक्य निरर्थक. त्याला अपवाद फक्त वारस किंवा कॉपीराइट सोसायटी. तेव्हा ‘एकरकमी, पुढे काही मागणार नाही’ हे कलम गीत-संगीताला लागू पडत नाही. जो लिहितो आणि जो चाल बांधतो त्यानं आपल्या नावावर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं. त्याआधी चौघं बसून प्रत्येक गाण्यासमोर कोणाचे किती टक्के ते एका कागदावर लिहा, चौघांच्या सह्या, तारीख. रिफ तुमचा, पण मधला संथ भाग बेसिस्टनं सुचवला, असले वाद पैसा दिसायच्या आधी हसत मिटतात. नंतर मिटत नाहीत.

‘एक पक्का अधिक चार पर्याय’ हे वाचून पाच अल्बमचा सौदा झाल्यासारखं वाटतं. सौदा एकाचाच आहे. पुढचे चार घ्यायचे की नाही हे लेबल ठरवणार, आणि त्यांनी घेतले तर तुम्हाला द्यावेच लागणार. दहा-बारा वर्षं अशीच जातात. एक अधिक एक यावर या. पर्याय वापरायचा तर अल्बम निघाल्यापासून नऊ महिन्यांत लेखी कळवायचं, दुसऱ्याचा फंड पहिल्यापेक्षा जास्त. शिवाय ज्या माणसानं तुमचा बँड उचलला, त्याचं नाव करारात घाला. तो कंपनी सोडून गेला तर पुढच्या पर्यायातून बाहेर पडायचा हक्क तुम्हाला. हा फाजीलपणा नाही. अँथ्रॅक्स या बँडला १९९२ मध्ये इलेक्ट्रानं घेतलं, ज्या प्रमुखाच्या काळात घेतलं तो १९९४ मध्ये गेला, आणि १९९५ च्या अल्बमच्या वेळी नव्या मंडळींनी प्रचाराला हात आखडता घेतला. एक्सोडस हा बँड कॅपिटल या मोठ्या लेबलकडे गेला आणि १९९२ च्या अल्बमनंतर त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. ऑफिसातली खुर्ची बदलली की एवढं होतं.

मजकुरावरच्या पसंतीचं कलमही बारकाईनं वाचा. स्लेयरचा तो १९८६ चा अल्बम कोलंबिया या वितरक कंपनीनं मजकूर आणि मुखपृष्ठ पाहून वितरित करायला नकार दिला, मग गेफननं केला. तुमच्या मसुद्यात ‘व्यापारीदृष्ट्या समाधानकारक’ मास्टर द्यायचा असं असेल, तर नापसंतीची दोरी कायम त्यांच्या हातात राहते. तिथं ‘तांत्रिकदृष्ट्या समाधानकारक’ लिहा, आणि मास्टर मिळाल्यावर तीस दिवसांत हरकत आली नाही तर तो मान्य समजावा. ते सुरुवातीचे लांब संथ भाग कापायला सांगतील हे नक्की. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय एक ऐकणं धरत नाहीत. यात वैर धरू नका. एका गाण्याची छोटी आवृत्ती वेगळी द्या, अल्बमवर मूळ लांबीच ठेवा.

शो आणि टी-शर्टच्या २० टक्क्यांबद्दल आमचं मत कडक आहे. टी-शर्ट द्यायचेच नाहीत, तुमच्यासारख्या बँडचं पेट्रोल त्यावरच चालतं. शोमध्ये वाटा द्यायचा तर फक्त लेबलनं मिळवून दिलेल्या शोमध्ये, आणि खर्च वजा जाता. बंगळुरूचा एक शो ४० हजारांचा धरा. पाच जणांचं जाणं-येणं, राहणं मिळून १८ हजार. एकूण रकमेवर २० टक्के म्हणजे ८ हजार, उरलेल्या २२ हजारांवर म्हणजे ४,४००. वरूडहून निघणाऱ्या बँडला प्रवासाचा भार मुंबईतल्या बँडपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे ‘खर्च वजा जाता’ हे शब्द तुम्हाला जास्त महत्त्वाचे.

बेसिस्टचं सोपं आहे : थांबा. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला करार करता येत नाही. त्याच्या वडिलांची सही घेऊ म्हणतील, पण बापानं मुलाच्या कामाचा केलेला करार मुंबई उच्च न्यायालयानं १९४९ सालीच निरर्थक ठरवला आहे. वाढदिवसाला चार-सहा महिने असतील तर सही तेव्हाच ठेवा. लेबललाही तेच सोयीचं.

पुण्याच्या लेबलशी तोंडी बोलणं झालं एवढ्यानं हक्क गेलेले नाहीत. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. रेकॉर्डिंगचा खर्च आणि पुढाकार तुमचा असेल तर मास्टर तुमचं. पण मुंबईवाले तुमच्याकडून ‘यापूर्वी कोणाशी काही व्यवहार नाही’ अशी हमी लिहून घेतील, आणि पुढे पुण्याहून कोणी उभं राहिलं तर निस्तरणं तुमच्याकडे येईल. शिवाय ज्यांनी तुम्हाला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा ३०० कॅसेट छापल्या, त्यांना फोनवर सांगून मोकळं होणं बरं दिसत नाही. एका पानाचा कागद करा : उरलेल्या कॅसेट त्यांनी विकाव्यात, त्या ईपीच्या ऑनलाइन उत्पन्नातला ठरलेला वाटा त्यांना इतकी वर्षं मिळेल, बाकी हक्क बँडचे. कॅपिटलनं मेगाडेथ या बँडला घेतलं तेव्हाही १९८६ चा अल्बम आधीच्या छोट्या लेबलकडून हिशोब चुकता करूनच उचलला होता.

बँडचं नाव चौघांच्या नावे ट्रेडमार्क करून घ्या, सहीच्या आधी. कार्यक्रमांसाठी वर्ग ४१, रेकॉर्डिंगसाठी वर्ग ९. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी दर वर्गाला ४,५०० रुपये. सोबत चौघांचा आपसातला भागीदारीचा कागद, कोणी सोडून गेला तर नाव कोणाकडे राहील तेही त्यात. वकील तालुक्याच्या कोर्टात शेतीचे दावे चालवणारे नकोत. ते कितीही चांगले असले तरी हा विषय वेगळा. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तिथं कॉपीराइट-ट्रेडमार्कचं काम करणारे वकील मिळतात. मसुदा तपासणं आणि बदल सुचवणं याची एकच ठोक फी आधी ठरवा.

मास्टरच्या मुदतीवर लेबल हटलंच नाही, तर अल्बम देऊ नका, एक गाणं परवान्यावर देऊन बघा. किंवा सरळ वितरण मागा. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर तिघंही वितरणाचा वेगळा धंदा चालवतात : व्हर्जिन म्युझिक ग्रुप, द ऑर्चर्ड, एडीए. तिथं अ‍ॅडव्हान्स कमी किंवा शून्य, पण मास्टर तुमचं आणि वाटा मोठा. बंगळुरूचे क्रिप्टॉस जर्मनीच्या एएफएम या मेटलच्या लेबलवर आहेत. दिल्लीच्या ब्लडीवूडनं २०२२ चा अल्बम स्वतःच काढला, तोही २०१९ मध्ये जर्मनीतला वाकन हा मेटल महोत्सव गाजवून आल्यावर. वाट एकच नाही.

मास्टर देण्याची तारीख आंबियाच्या तोडणीत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरात, येऊ देऊ नका. तारीख चुकली की करारभंग, आणि त्या दिवसांत घरून स्टुडिओसाठी पंधरा दिवस सुटका नाही. मे-जून मागा. स्टुडिओला जाण्याआधी गोदामात सगळ्या गाण्यांचा कच्चा डेमो करा, रात्रीच्या वीजपाळीची वेळ सोडून. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) कृषिपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि रेकॉर्डिंग मध्येच तुटतं. लॅपटॉप आणि इंटरफेस (गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) यूपीएसवर ठेवा. गिटारचा अ‍ॅम्पाआधीचा थेट सिग्नल प्रत्येक टेकला वेगळा साठवा, नंतर आवाज नापसंत झाला तर पुन्हा वाजवावं लागत नाही.

ड्रमरला सांगा, क्लिक त्याचा शत्रू नाही. मिनिटाला २०५ मात्रांच्या (बीपीएम) वेगात डबल बेसचे, म्हणजे दोन्ही पायांनी वाजणाऱ्या ढोलाचे, सोळावे (मात्रेला चार) म्हणजे सेकंदाला जवळपास चौदा ठोके. त्यातले डाव्या पायाचे कमजोर ठोके माइकवर हरवतात, म्हणून इंजिनिअर नमुन्याचा (सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या ठोक्याचा) आवाज मिसळणार. मिसळू द्या, पण मूळ माइकचे ट्रॅक तुमच्याकडे ठेवा. क्लिक पूर्ण गाण्याला एकच नको : गाण्याचे भाग पाडून संथ भागाला दोन-तीन बीपीएमनं कमी असा नकाशा करा, म्हणजे गाणं यंत्रासारखं वाटत नाही. आधी २०५ ऐवजी १८० वर, हेडफोन लावून, रोज अर्धा तास, दर तीन दिवसांनी पाचनं वाढवत. पंधरा दिवसांत २०५ गाठता येतं. किकची, म्हणजे पायानं वाजणाऱ्या ढोलाची, कातडी सेशनच्या दोन दिवस आधी बदलायची, म्हणजे ती बसते आणि सूर उतरत नाही.